तिसरे सुतारमामा

जर्मनच्या तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर धाकटीची पाचावर धारण बसली होती. डोक्यात नुसता जर्मन बोलणारा सुतारमामा.

हा मामा तिचा नव्हे हो! क्लासच्या सरांचा. 'शाळा आणि व्यवसाय-प्रशिक्षण' हा विषय हमखास पडतो म्हणून सरांनी एक मामा तयारच ठेवला होता. शाळेत ढ, पण सुतारकाम शिकून त्याने नाव काढलं. सगळ्या बॅचनी तोच घोकायचा. पोपटसुद्धा कधीतरी चुकतो, ही पोरं चुकायची नाहीत.

शेजारी बसलेली ताई सारखी पाठ थोपटत होती. कपड्यांच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती बिचारी. धाकटी आज पास झाली तरच तिला जर्मनीतल्या इस्पितळात नर्सिंग शिकायला मिळणार होतं, नाहीतर ती जागा दुसऱ्या कुणाला.

"घाबरू नकोस गं," ताई म्हणाली. "झोपेतसुद्धा म्हणतेस तू ते."

परीक्षा दोघादोघांची; आत धाकटीच्या जोडीला एक चष्मेवाला होता. विषय तोच पडला. धाकटीचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच चष्मेवाल्याने सुरुवात केली, "माझे मामा सुतार आहेत."

मेला क्लासच्याच सकाळच्या बॅचचा निघाला! शब्द न् शब्द तोच. परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "सकाळपासून हे तिसरे मामा," त्या जर्मनमधून म्हणाल्या आणि धाकटीकडे वळल्या. "तुमच्याकडे कोण आहे?"

धाकटीच्या डोक्यातून मामा गेला आणि जाताना सगळं जर्मन घेऊन गेला. गेली आता जागा, असंच वाटलं तिला. बाहेर ताईला काय तोंड दाखवायचं? ताईचा विचार डोक्यात आला आणि तोच तोंडातून बाहेर पडला.

"माझी बहीण आहे. तिला मोटारी दुरुस्त करायला शिकायचं होतं. वडील गेले. तिने शाळा सोडली, म्हणून माझी सुटली नाही."

"तिला विचारलं होतं कुणी?"

"नाही."

"तुम्ही?"

"नाही. ती 'मला शिकायचंय' म्हणाली असती, तर माझी शाळा सुटली असती. मला भीती वाटायची." व्याकरण कुठे घसरलं कोण जाणे, पण धाकटी थांबली नाही. हे ती आपल्या भाषेत आजवर कुणाशी बोलली नव्हती.

दुपारी निकाल लागला. पास! ताईने भर जिन्यात तिला मिठी मारली. "पावला ना गं मामा!"

"मामा नाही. तुझ्याबद्दल बोलले मी." आत वाटली नव्हती एवढी भीती धाकटीला आता वाटत होती, तरी तिने विचारलंच. "ताई, तुला शिकायचं होतं ना गं?"

ताईचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. डोळे मात्र भरून आले.

"होतं," ती म्हणाली. "फार होतं. कुणीतरी विचारावं म्हणून किती वाट बघितली मी. आणि तू विचारतेस कधी, तर निघताना."