चिमणीच्या वजनाला गाईचं भाडं

माझ्या थोरल्या भावाची सून कागदाचे दिवे करते. इतके हलके, की पहिला तोलायला ठेवला तर काटा शून्याच्याही मागे सरकला. दुसरा खिडकीतून निघालाच होता, मी दोरी धरून खाली ओढला. खोटं वाटत असेल तर येऊन बघा, खिडकी अजून तिथंच आहे.

समुद्रापलीकडच्या एका खानावळवालीनं लहानमोठे तीन दिवे मागवले. सूनबाईनं ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले आणि पाठवणीसकट किंमत कळवून टाकली. नोकरी सोडल्यानंतरची ही पहिली ऑर्डर. नवरा म्हणाला होता, "यात खोट आली तर साहेबांना फोन कर. तुझी खुर्ची अजून रिकामी आहे." तेव्हापासून तिला एका जागी बसवत नव्हतं.

बांधणी तिच्या सासऱ्याकडे, म्हणजे आमच्या दादाकडे. त्यानं जन्मभर काचेच्या कारखान्यात खोके भरले. काच असो की कापूस, चारी बाजूंनी वीतभर पेंढा घातल्याशिवाय त्याला घास उतरत नाही. त्यानं तीन दिव्यांचे तीन खोके केले, कपाटाएवढे.

कुरियरवाल्यानं काटा काढलाच नाही, मोजायचा टेप काढला.

"अहो, वजन करा ना," सूनबाई म्हणाली.

"ताई, विमानात जागा विकत घ्यावी लागते. वजन आणि आकार, जे भारी पडेल त्याचं भाडं." त्यानं आकडा सांगितला. "एवढ्यात गाय गेली असती."

"वाटेत दूधही दिलं असतं," मी म्हणालो. कुणी हसलं नाही.

सूनबाईनं कळवलेल्या किमतीत बसेल असं खोक्याचं माप कुरियरवाल्यानं सांगितलं आणि शेजारची घरं करून येतो म्हणाला. सूनबाई दारापासून ओट्यापर्यंत येरझारा घालू लागली. मध्येच थांबली, सुरी घेतली आणि दादाचे खोके फाडले.

"अगं, पेंढा!"

"बाबा, कागद कागदाला फोडत नाही."

मोठ्या दिव्याच्या तोंडातून तिनं मधला आत सोडला, मधल्यात धाकटा. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पण नवा खोका त्या मापापेक्षा बोटभर उंच झाला, तेव्हा त्याला राहवेना. तिच्या हातून सुरी घेऊन त्यानंच काठ उतरवला, स्वतःचा कान कापावा तसा.

कुरियरवाल्यानं टेप लावला. "बसतंय. तुमच्या आकड्याला घासून."

मग पार्सल जकातीत अडकलं, सुटलं, पुन्हा दिसेनासं झालं. सूनबाई भाकरीसारखा फोन उलटापालटा करायची. शेवटी निरोप आला: एकच दिवा मिळाला, बाकीचे दोन कुठे?

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं लिहिलं, "पोटात बघा."

संध्याकाळ गेली, उत्तर नाही. सकाळी फोटो आला. खानावळीच्या छताला एकच दिवा, त्याच्या आत दिवा, त्याच्याही आत दिवा, उजेड थरांथरांनी झिरपतोय. खाली ओळ: "वेगळे करत नाही. असेच आणखी सहा हवेत. पाठवणीचं काय पडेल?"

सूनबाईनं काट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "बाबा, टेप कुठंय?"

"माझ्या खिशात," दादा म्हणाला.