सात नंबरची स्लाइड

"इथं सही करा, बाई," म्हणत विभागप्रमुखांनी कागद पुढे सरकवला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत तिला कुणी टोपण काढून पेन दिलं नव्हतं. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

तिनं चष्मा लावून कागद वाचला. कालच्या प्रॅक्टिकल परीक्षेत सात नंबरच्या मायक्रोस्कोपखाली तंत्रज्ञ बाईंच्या नजरचुकीनं भलतीच स्लाइड लागली, असा मजकूर होता. खाली तिचं पद छापलेलं आणि सहीसाठी ठिपक्यांची ओळ.

"पण सर, नजरचूक माझी नाही."

"ठाऊक आहे हो मला," विभागप्रमुख म्हणाले. "पण कुणाची तरी असायला हवी ना?"

वैद्यकीय कॉलेजातली पोरं तिला काचबाई म्हणत. शरीराचा एवढासा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचा, यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते काचेवर चढवून रंगवायचे, हे तिचं काम. पोरं त्या काचेवर डॉक्टर होऊन जात आणि ती पुढच्या वर्षीच्या काचा पुसायला घेई.

तिचा खरा जीव संयोजी ऊतींच्या पेटीत. सगळ्यांना हृदय हवं, मेंदू हवा. संयोजी ऊती म्हणजे पोरांच्या लेखी नुसता भरणा. काचबाईला याचा भारी राग. "अरे, हा भरणा नसता तर हृदय ओंजळीत घेऊन फिरला असतात," ती सुनावायची. तिच्या पेटीत हे सगळं गोत नांदत होतं. कातडीखाली सगळ्यांना सांभाळून धरणारी विरल ऊती, थंडीत पांघरूण आणि अडीनडीला शिधा होणारी चरबी, नाकाकानाला आकार देणारी आणि सांध्यातली घासाघीस वाचवणारी कूर्चा, भार पेलणारं हाड. रक्तही याच घरातलं, हे सांगितलं की पोरं हसायची. "हसा," ती म्हणायची, "तो घरातला फिरस्ता. गावभर निरोप पोचवायला कुणीतरी लागतंच."

या पेटीतले नंबर वर्षानुवर्षं बदललेले नव्हते. त्यामुळे वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना एक यादी देऊन जात. तीन म्हणजे चरबी, पाच म्हणजे कूर्चा, सात म्हणजे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, पाहिल्यासारखं करायचं आणि यादीतलं उत्तर उतरवायचं. विभागप्रमुखांची उत्तरसूची ही त्याच यादीची थोरली बहीण. तेही याच कॉलेजात शिकलेले.

गेल्या वर्षी परीक्षेनंतर सातची स्लाइड तडकली. टेंडनचा ब्लॉकही संपला होता. म्हणून काचबाईनं त्या जागी पाठीच्या कण्यातलं, हाडाला हाडाशी बांधणारं पिवळं लिगामेंट बसवलं, नोंदवहीत तसं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि वही सरांपुढे ठेवली. सरांनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली.

आणि काल बेचाळीस जणांनी सात नंबरखाली ‘टेंडन’ लिहिलं. एकाच मुलीनं ‘पिवळं लिगामेंट’ लिहिलं, आणि तिला शून्य मिळालं. डाव्या हातानं लिहिणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, अशी ती मुलगी एका गुणानं नापास होत होती. एक गुण म्हणजे अख्खं वर्ष. सकाळी ती सरांच्या दारात उभी राहिली आणि ‘स्लाइड पुन्हा बघा’ म्हणून हटून बसली. सरांनी बघितली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे बघा," सर आता समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुम्ही सही करा, मी सात नंबरच रद्द करतो. सगळ्यांना एकेक गुण. मुलगी पास. कुणाचंच नुकसान नाही."

"माझं?"

"तीन महिन्यांत निवृत्त होताय तुम्ही. तुम्हाला काय फरक पडतो?"

"आणि नाही केली तर?"

"तर बाहेरचे परीक्षक चार वाजता निकालावर सही करतील. आहे तसा."

काचबाईनं टोपण उचललं, पेनाला लावलं आणि पेन सरांच्या पुढ्यात ठेवलं. "चारला वेळ आहे अजून," ती म्हणाली आणि कागद घेऊन बाहेर पडली. राग तर आलाच होता, पण भीतीही वाटत होती, आणि भीती वाटते याचाच जास्त राग येत होता.

प्रयोगशाळेत येऊन तिनं नवऱ्याला फोन लावून सगळं सांगितलं. आयुष्यभर बस चालवून त्याचे गुडघे गेले होते, आता तो घरीच असे.

"करून टाक सही," तो म्हणाला. "तेवढ्यानं काय आभाळ कोसळतंय? पोरगीही पास होतेय."

"दयेवर पास होतेय. तिनं बरोबर लिहिलंय हो! एकटीनं बघून लिहिलंय. उद्या तिला वाटेल, बाईच्या चुकीनं वाचले."

"अगं, पण शेवटी शेवटी कशाला वाकड्यात शिरतेस?"

"तुमच्या गुडघ्यातली कूर्चा झिजली हे माहीत होतं मला. कणाही झिजला का?"

पलीकडे तो हसला. "बरं, बरं. जेवणाचं मी बघतो. तू तुझं उरक."

सव्वा वाजला होता. साध्या रंगात टेंडन आणि हे लिगामेंट दोन्ही गुलाबीच दिसतात. चारचौघांत वाद घालायला सर मोकळे. पण एक रंग असा होता, ज्यात लवचीक तंतू काळे पडतात आणि बाकीचे लाल; आणि हे लिगामेंट म्हणजे बहुतेक लवचीक तंतूच. त्याला दीड तास लागतो, आणि त्याआधी काप काढायचा. तिनं नोंदवही काढली, ब्लॉक बर्फावर ठेवला आणि यंत्राला नवं पातं चढवलं. पहिली पट्टी फाटली. दुसरीला चुणी पडली. उजव्या अंगठ्याची शीर ठणकत होती, या कामानंच दिलेली भेट. तिसरी पट्टी कोमट पाण्यावर अलगद पसरली, तेव्हा तिनं रोखलेला श्वास सोडला. मग वाळवणं, मेण उतरवणं, रंग, पाणी, पुन्हा रंग. या कामात घाई केली की काम हातचं जातं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? घड्याळाकडे तिनं मुद्दाम पाठ केली.

चारला दहा मिनिटं असताना ती ओली स्लाइड आणि वही घेऊन परीक्षकांच्या खोलीत शिरली. म्हातारे परीक्षक निकालपत्रावर वाकले होते. शेजारी विभागप्रमुख.

"सर, सही करण्याआधी हे एकदा बघा."

"बाई, तुमचं काम स्लाइड करायचं आहे," विभागप्रमुख कडाडले. "मत द्यायचं नाही."

"मत कुठं देतेय? स्लाइडच देतेय."

परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली.

"काळंभोर आहे सगळं," शेवटी ते म्हणाले. "टेंडन असतं तर लाल दिसलं असतं."

"मणक्यांमधलं पिवळं लिगामेंट आहे, सर. माणूस वाकला की हे ताणतं आणि त्याला पुन्हा सरळ करायला ओढून घेतं. त्याच ब्लॉकमधलं आहे, कालच्या सात नंबरचं. वहीत नोंद आहे."

परीक्षकांनी नोंद वाचली, मग खालची सही. "ही कुणाची?" त्यांनी विचारलं. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघू लागले. म्हाताऱ्यानं पेन घेतलं आणि निकालपत्रावर बेचाळीस ठिकाणी एकेक गुण खोडला, एका ठिकाणी वाढवला.

जिन्यात पोरांचा घोळका तिची वाटच बघत होता. "काचबाई, आमचा गुण गेला ना तुमच्यामुळे!"

"डोळे दोन होते ना रे? एक तरी उघडा ठेवायचा."

ती डावखुरी मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती. डोळे रडून सुजलेले, पण मान ताठ.

"तुला कसं गं ओळखू आलं?" काचबाईनं विचारलं.

"मला यादी कुणी दिलीच नव्हती," ती म्हणाली. "मग बघावंच लागलं."

काचबाईला इतकं हसू आलं की कठड्याला धरून उभं राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलावर आदेश होता. उरलेले तीन महिने भांडारात काम करावे. संध्याकाळपर्यंत प्रयोगशाळेच्या किल्ल्या जमा कराव्यात. तिनं तो दोनदा वाचला. वाईट वाटलं, फार वाटलं. या यंत्राचा आवाज ती घरच्या माणसाच्या खोकल्यासारखा ओळखायची. तिनं पात्याला तेल दिलं, यंत्रावर कापड घातलं, आणि मग संयोजी ऊतींची पेटी पुढे ओढली.

दिवसभर ती जेवायलाही उठली नाही. शंभर स्लाइडचे शंभर नंबर तिनं ओल्या फडक्यानं भिजवून काढले आणि नवे चिकटवले. चरबी गेली एकसष्टवर, कूर्चा बाविसावर, हाड नव्वदवर. पिवळं लिगामेंट कुठं ठेवलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. वहीत मात्र ओळीनं सगळं लिहिलं, शंभरच्या शंभर नोंदी, स्वच्छ अक्षरात.

पाच वाजता किल्ल्यांचा जुडगा आणि वही तिनं विभागप्रमुखांपुढे ठेवली. त्यांनी सवयीनं पेन काढून शेवटचं पान उलटलं.

"सर," ती म्हणाली, "वाचून सही करा."

पेन थांबलं. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग पहिलं पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. एक. दोन. तीन. अकराव्या नोंदीला मान न उचलताच म्हणाले, "बसा ना, बाई. वेळ लागेल."

गुडघे दुखत होते. खुर्ची हाताच्या अंतरावर होती.

"वाचा तुम्ही," ती म्हणाली, आणि शंभरावी नोंद होईपर्यंत उभीच राहिली.