तळहातावरचं अंडं

खामफोंगची उशी झटकताना सहा उकडलेली अंडी घरंगळली आणि बुआलोयचं डोकंच फिरलं. खोन केन शहरातल्या इस्पितळात रोग्यांसाठी रांधण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. त्याच्यासाठी रोज दोन अंडी ती स्वतः उकडायची.

बांबूच्या टोपल्या विणणारा हा माणूस यकृतातली गाठ काढायला दाखल झाला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, अंग असं खंगलेलं राहिलं तर ऑपरेशननंतर जंतू शिरतील. दोन आठवड्यांत वजन वाढलं तरच सुरी लावू. गाठ काही थांबणार नव्हती, आणि तीन दिवस वाया गेले होते.

"काका, अंडी उबवायला बसलाय का?" तिने विचारलं.

त्याची बायको लामयाय मध्ये पडली. "मीच नको म्हटलं, ताई. अंड्यानं जखम पू धरते. आमच्या गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

 सात वर्षांपूर्वी बुआलोयही हेच म्हणाली होती. इस्पितळात लोकांना अंडी वाढायची आणि ऑपरेशनला निघालेल्या नवऱ्याला घरी नुसती पेज. त्याची जखम चिघळली आणि तो गेला. तेव्हापासून तिने अंडं तोंडात घातलं नव्हतं.

रागावून उपयोग नव्हता. एकदम तिला काहीतरी सुचलं आणि ती जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात गेली. येताना पांढरा दोरा आणि गरम अंडं घेऊन आली. आजाराने भेदरून अंगातून पळालेला जीव, खुआन, परत बोलवायचा तर मनगटाला दोरा बांधून तळहातावर अंडं ठेवतात. ते खायचंच असतं. टाकलं तर खुआनही गेला. लामयायला हे वेगळं सांगावं लागलं नाही.

"ये रे खुआन, रानात असशील तर ये, तळ्यात असशील तर ये," खामफोंगच्या मनगटाला दोरा बांधून तळहातावर अंडं ठेवत बुआलोयने हाक घातली.

खामफोंगने बायकोकडे पाहिलं. लामयायने त्याच्या मनगटावरचा दोरा चाचपला, मग तिनेच अंडं सोलून त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ खुआनला हाका सुरू झाल्या. शेजारच्या खाटांवरचे लोकही हौसेने दोरा बांधायला जमू लागले. याचा खुआन भलताच उनाड दिसतो, दिवसातून दोनदा पळतो, असं नर्सबाई म्हणाली, तेव्हा खामफोंग पहिल्यांदा हसला. मग ताकदीच्या पावडरीचं गोडमिट्ट दूधही कुरकुर न करता प्यायला लागला. वजनाच्या दिवशी अख्खा वॉर्ड काट्याभोवती जमला. दोन किलो वाढलं होतं. बुआलोयला इतका आनंद झाला की हातातला डाव घेऊनच ती डॉक्टरीणबाईंकडे धावली.

ऑपरेशन झालं. दहाव्या दिवशी जखम कोरडी होती. घरी निघण्याआधी लामयाय स्वयंपाकघरात आली. बुआलोयचा हात ओढून तिने मनगटाला दोरा बांधला आणि तळहातावर अंडं ठेवलं.

"तुमच्या मालकांचं नर्सबाईंनी सांगितलं मला," ती म्हणाली. "तुमचाही खुआन कधीचा बाहेर फिरतोय, ताई."

 पातेल्यात दुपारची अंडी रटरटत होती. बुआलोयने गॅस बारीक केला, स्टुलावर बसली आणि हातातलं अंडं सोलायला घेतलं.