जास्तीची कवडी

मी एक जुना नकाशा आहे. माझ्यात कागद नाही, शाई नाही. आयलुक बेटावरच्या लानेज नावाच्या नावाड्याने झावळीच्या काड्या काथ्याने बांधून मला घडवले. वाकलेल्या काड्या म्हणजे बेटांना वळसा घालणाऱ्या लाटा, आणि कवड्या म्हणजे बेटे.

मित्रांनो, आमच्याकडे नकाशा समुद्रावर नेत नाहीत. तो घरी पाहायचा, अंगात मुरवायचा आणि घरीच ठेवायचा. लानेजच्या धाकट्या भावाला, केजोला, स्वतःच्या अंगाचा भरवसा नव्हता. त्याने नकाशा लपवून होडीत नेला. होडी परत आली नाही. मी त्यानंतरचा.

लानेजची नात लिबोन माझ्यावर शिकली. आजोबांची नजर गेली आणि बेटावर दुसरा नावाडी उरला नाही, तेव्हा तिने शिकणे फार मनावर घेतले. लानेज तिच्या डोळ्यांवर फडके बांधून तिला पाण्यात उताणी तरंगायला लावी. कोणती लाट कुठून आली, ते पाठीने सांगायचे. ती चुकली की तो म्हणे, "तुझी पाठ अजून झोपलीय, बाई. डोळ्यांनी बेट शोधत बसलीस तर माझ्याएवढी म्हातारी होशील, पण पोचणार नाहीस." मला मात्र तिचे कौतुक वाटे.

एका सकाळी तिने विचारले, "आजोबा, ही कवडी कुठल्या बेटाची? इथे तर नुसतं पाणी आहे."

लानेजने चाचपून पाहिले. गाठ ओली होती. त्याने हात मागे घेतला.

"ही मी बांधलेली नाही," तो म्हणाला. "ही डावखुऱ्याची गाठ आहे. केजोची."

काही दिवसांनी लिकिएप बेटावरून निरोप आला, की तिथे गेलेली लिबोनची आई अंथरुणाला खिळली आहे. आणायला जाणारी लिबोनच. निघताना लानेजने विचारले, नकाशा भिंतीवर आहे ना? ती हो म्हणाली. मी तर होडीत तिच्या चटईखाली होतो. वाट चुकली तर आई हाती लागणार नाही, एवढेच तिच्या मनात होते.

भर दुपारी धुके उतरले. लिबोनने मला मांडीवर घेतले. ती माझ्या काड्या न्याहाळत राहिली आणि तिची पाठ लाटा विसरली. पाण्याचा आवाज थांबला. माझी जास्तीची कवडी ठिबकू लागली.

"ये, पोरी," धुक्यातून कोणीतरी म्हणाले. "नकाशा आणलास ना? माझा भिजलाय."

मी घाबरलो होतो. लिबोनने मला हळूच पाण्यावर ठेवले, होडीच्या तळाशी उताणी झोपली आणि डोळे मिटले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग होडी डावीकडून किंचित उचलली गेली.

"पूर्वेची," ती रडत म्हणाली, आणि उठून तिने शीड वळवले.

चार दिवसांनी तिची होडी दुरून परत गेली. होडीत दोघी होत्या. मला फार बरे वाटले.

मी आता त्या जास्तीच्या कवडीच्या जागी आहे. इथे बेट नाही. इथे आणखी एक नकाशा तरंगतो, आणि त्याच्यावर एक कवडी कमी आहे.

मित्रांनो, मला नीट शिका आणि घरीच ठेवा. परवा माझीही एक कवडी कोणीतरी सोडवून नेली. तुमच्या भिंतीवरच्या नकाशात एखादी ओली गाठ दिसली, तर ती माझी समजा.