ढब्बूची पेशी

मी एक पेशी आहे, आणि कितीतरी वर्षं दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला आहे.

मित्रांनो, मी साध्या डोळ्यांना दिसत नाही. बाहेर पातळ पडदा, आत केंद्रक नावाची छोटी खोली, एवढाच माझा संसार. पण त्या खोलीत डीएनएच्या पिळदार दोऱ्या नीट गुंडाळून ठेवल्या आहेत. शरीर कसं घडवायचं, कसं चालवायचं, याच्या सूचना त्यांत असतात. या गुंडाळ्या म्हणजे गुणसूत्रं; निम्मी आईकडची, निम्मी बाबांकडची. माझ्यात एक वाय गुणसूत्र आहे, म्हणजे मी मुलाची. राहते मात्र त्याच्या आईच्या गळ्यात!

आई कपडे धुण्या-इस्त्रीच्या दुकानात कामाला होती, तेव्हा ढब्बू तिच्या पोटात होता. त्याची एक पेशी, माझी पणजीच म्हणा, नाळेतून आईच्या रक्तात शिरली आणि गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत स्थिरावली. पेशी आधी डीएनएची नक्कल करते, मग एकीच्या दोघी होतात. तशी पुढे मी झाले. आईच्या शरीरानं आम्हाला परक्या म्हणून हाकललं नाही.

ढब्बू दोन वर्षांचा असताना तापानं गेला. घरात त्याचं नाव निघेनासं झालं. मावशी म्हणायची, "जुन्या जखमेची खपली कशाला काढायची?" मागाहून जन्मलेली धाकटी कॉलेजात गेली, तरी आपल्याला एक भाऊ होता, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. आई वाफेच्या इस्त्रीखाली कॉलर दाबत राहायची.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. सुदैवानं साधीच निघाली, पण अर्धी ग्रंथी काढावी लागली. मी उरलेल्या अर्ध्या भागात वाचले. माझ्या काही बहिणी काढलेल्या तुकड्यात गेल्या. आईच्या परवानगीनं तो तुकडा एका संशोधक बाईंनी तपासला आणि मायलेकींना बोलावून घेतलं.

"तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं?"

"नाही."

"मग मुलगा आहे का तुम्हाला?"

धाकटीनं आईकडे पाहिलं.

"होता," आई म्हणाली.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली. रंगवलेल्या पेशींच्या घोळक्यात एकीच्याच केंद्रकात हिरवा ठिपका चमकत होता. "हे वाय गुणसूत्र. ही पेशी तुमची नाही. तुमच्या मुलाची असावी, तो पोटात होता तेव्हापासूनची."

आईनं डोळा लावला तो काढेचना.

"म्हणजे तो... आहे?"

"तो नाही, ताई," बाई हळूच म्हणाल्या. "खोटी आशा दाखवणार नाही. पण त्याच्या अशा पेशी तुमच्या अंगात अजूनही असतील."

आई एकदम हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "लबाड मेला! लपंडावात असाच करायचा. पडद्यामागे दडायचा, पाय बाहेर!"

"आणखी काय करायचा गं?" धाकटीनं विचारलं.

घरी जाताना बसमध्ये आई बोलतच राहिली. साबणाचा फेस खाणारा ढब्बू, उलटे बूट घालून मिरवणारा ढब्बू. शस्त्रक्रियेनं आवाज बसला होता, तरी थांबेना. इतकी वर्षं मी त्या गळ्यात राहते, पण त्याचं नाव तिथून उमटताना मला पहिल्यांदाच जाणवलं.

मित्रांनो, ज्यांचं माणूस गेलंय, त्यांना 'विसरा आता' म्हणू नका. ते माणूस कसं होतं, एवढं विचारा, आणि जवळ बसून ऐका.