स्वच्छ केलेली माती

दादरच्या घरातले ढेकूण एका फवाऱ्यात मेले, त्या दिवसापासून चिंतामणीचा औषधांवर जो विश्वास बसला तो बसलाच. फोर्टातल्या एका औषध कंपनीत तो हेडक्लार्क, त्यामुळे डबे सवलतीत मिळत. मग झुरळं गेली, मुंग्या गेल्या. त्याला हसू नका. आपणही हेच करतो. काही वळवळताना दिसलं की आधी डबा उघडायचा, विचार नंतर!

घरामागच्या वाडीत त्याची विधवा बहीण सुमती लिंबाची रोपं वाढवून विकायची. मागच्या खोलीत तिची वेगळी चूल होती. भावाच्या जिवावर जगायचं नाही, स्वतःच्या कमाईचं खायचं, एवढाच तिचा हट्ट. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तिला तीन महिन्यांची शिक्षा झाली. जाताना ती म्हणाली, "दादा, वाफ्यांना फक्त पाणी घाल. बाकी काही करू नकोस."

पण नुसतं पाणी घालून गप्प बसेल तो चिंतामणी कसला! एका सकाळी वाफ्यातला पाला सारताना त्याला पांढरे धागे दिसले.

"लीला, अगं बुरशी!" त्याने बायकोला हाक मारली. "सुमीची सगळी रोपं जातील!"

संध्याकाळी बुरशीनाशकाचा डबा आला आणि त्याने वाफेच्या वाफे भिजवून काढले. धागे नाहीसे झाले. माती कशी स्वच्छ केली, हे तो शेजाऱ्यांना कौतुकाने सांगत सुटला.

सुमती सुटून आली तेव्हा रोपं जिथल्या तिथे खुंटली होती. पानं पिवळी पडली होती. गिऱ्हाइकं ती बघून परत गेली.

"दोनदा खत घातलं गं," चिंतामणी म्हणाला. "मेली घेतच नाहीत."

सुमतीला तुरुंगात सरोजिनी नावाची मैत्रीण मिळाली होती. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. सुमतीने बोलावल्यावर ती घरी आली. तिने वाफ्यातलं एक रोप उपटलं, कुंपणाशी आपोआप उगवलेलं लिंबाचंच एक हिरवंगार रोप उपटलं आणि दोघांची मुळं चिंतामणीला भिंगातून दाखवली. हिरव्या रोपाच्या मुळांना केसाहून बारीक धागे होते. पिवळ्याची मुळं बोडकी होती.

"म्हणजे बुरशीच ना ही?"

"बुरशीच! पण ही झाडाला सांभाळणारी. मुळं पोचत नाहीत तिथलं स्फुरदासारखं अन्न, पाणी ही आणून देते, आणि झाड तिला साखर देतं. तुम्ही पाहिलीत ती जाळी पाला कुजवणारी होती. तिच्याबरोबर हीसुद्धा मेली. आता खत कितीही घाला, ते घ्यायचं कोणी?"

"पण बुरशीने रोगही पडतो!"

"पडतो ना. एक तरी रोप आजारी होतं?"

"नाही."

"मग चिंतामणराव, औषध कोणाला दिलंत?"

चिंतामणी बहिणीकडे वळला. "सुमे, काळजी करू नकोस. माझ्या घरात तुला दोन घास कमी पडणार नाहीत."

"तेच तर नको होतं रे, दादा!"

पुढच्या महिन्यात सुमती भावाकडे जेवायला बसली. लीलाने आग्रहाने वाढलं. सुमतीने थोडंसं खाल्लं, आपलं ताट धुतलं आणि पदराला हात पुसत विचारलं, "वहिनी, आणखी काही काम आहे?"

ज्या घरात ती जन्मली, त्याच घरात! चिंतामणी भरल्या ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी त्याने उरलेले डबे कंपनीत परत केले. आता तो रोज सकाळी वाडीतल्या जुन्या लिंबाच्या झाडाखालची, ते धागे असलेली माती टोपलीने वाफ्यांत नेऊन घालतो. वाफ्यांतली माती पुन्हा कधी जिवंत होईल हे सरोजिनीलाही सांगता येत नाही.

नागरिकहो, औषध द्यायचं ते रोग बघून, आपल्याला किळस आली म्हणून नव्हे. जे आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्याच्यावरही कोणाचं तरी पोट चालत असतं. एवढं कळण्यासाठी चिंतामणीला सख्ख्या बहिणीची चूल विझवावी लागली. तुम्ही तरी डबा उघडण्याआधी विचारा!