विसरायची तालीम

विसराळू म्हाताऱ्याची भूमिका मिळाल्यापासून नटाला घरात मोकळं रानच मिळालं. दूध आणायचं राहिलं, किल्ली आत ठेवून दार ओढलं, की म्हणायचा, "भूमिका अंगात भिनतेय."

बायको म्हणायची, "भिनू द्या. पण दूध कोण आणणार, नाटककार?"

खरं तर काम महाकठीण होतं. कुठलं वाक्य अर्ध्यावर सोडायचं, कुठे नुसतं बघत राहायचं, ते सगळं विसरणं त्याला चोख पाठ करावं लागलं.

पहिल्या प्रयोगाला त्याची एकही जागा चुकली नाही. शेवटच्या प्रवेशात म्हातारा आपल्याच बायकोला विचारतो, "तुम्ही कोण?" नटाने ते इतकं खरं विचारलं, की तिसऱ्या रांगेतून रडवेला आवाज आला, "अहो, मी!"

आवाज घरचाच होता. नट पुढचं वाक्य साफ विसरला आणि अंधारात तिला शोधत उभा राहिला. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

दिग्दर्शक धावत आत आला, मागोमाग बायकोही. "शेवटी थांबलात ना, ते रोज असंच ठेवा!"

"मग हिला रोज तिसऱ्या रांगेत बसवा," नट म्हणाला.

बायकोने डोळे पुसले. "बसेन की. यांनी दूध आणलं तर."